पाठमोरा बाक

तुमच्या आजोबांना दुसऱ्यांदा चालायला शिकवलं त्या बाई दिसायला कशा होत्या, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत तेव्हा माझी पंचाईत झाली. सगळा हिवाळा मी त्यांच्याकडे जात होते, पण त्यांचा चेहरा मी फार थोडा पाहिला. त्यांना मी ओळखते ती आवाजावरून. कारण त्यांचा पहिला नियमच तसा होता. माणूस ट्रेडमिलवर चढला की त्याच्या घरच्यांनी बाकावर बसायचं, भिंतीकडे तोंड करून. मागे वळायचं नाही.

नारायण पेठेत एका बंद पडलेल्या छापखान्याची तळमजल्यावरची जागा त्यांनी घेतली होती. यंत्रं केव्हाच गेली होती. छताची लोखंडी तुळई तेवढी शिल्लक होती आणि तिला बाईंनी साखळी लावून पट्ट्यांचं एक जाकीट टांगलं होतं. ज्याला स्वतःचा भार पेलत नाही त्याला ते जाकीट घालायचं, वरून थोडं उचलून धरायचं आणि पायाखाली ट्रेडमिल अगदी हळू सुरू करायची. पडायची भीती राहत नाही आणि पाय पावलं टाकू लागतात. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्ट्रोकनंतरचे पहिले आठवडे वाया घालवू नका, जितकं चालवता येईल तितकं चालवा. बाईंचा पत्ता त्यांनीच दिला. वर म्हणाले, "जरा विक्षिप्त आहेत, पण जा."

पहिल्याच दिवशी मी माझी ओळख करून दिली आणि औषधांच्या वेळा, रक्तदाब, आजोबांच्या सवयी असं सगळं मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाजी आणली आहे का?"

मला वाटलं, माझ्या कानांचं काही बिनसलं.

"भाजी. मेथी, मटार, गवार, काहीही. निवडायची असेल अशी. नाही आणली? मग आज माझी घ्या." आणि त्यांनी माझ्या मांडीवर मेथीची जुडी आणि वर्तमानपत्र ठेवलं. "हात रिकामे असले की माणूस मागे वळतो. उद्यापासून आपली आपण आणायची."

तर असे आम्ही बाकावर ओळीने बसायचो. समोर पांढरी भिंत. तिच्यावर एक चित्र नाही की कॅलेंडर नाही. मांडीवर भाजी, आणि पाठीमागे आपलं माणूस साखळीला टांगलेलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरी जितकी निगुतीने निवडलेली भाजी शिजली तितकी आमच्या संसारात कधी शिजली नव्हती.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, बघितलं तर काय बिघडेल?"

"काकू, पाय अडखळायच्या आधी बायकोचा चेहरा अडखळतो. तो चेहरा बघून मग पाय अडखळतो. मी दोघांना एकाच वेळी शिकवू शकत नाही."

त्या स्वतःही बघत नसत, हे मला फार उशिरा कळलं. ट्रेडमिलच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसायच्या, आजोबांची उजवी टाच हातात धरून प्रत्येक पावलाला जागेवर ठेवायच्या, आणि डोळे मिटलेले. नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या कानात सांगितलं होतं, "अहो, त्या झोपल्या आहेत." झोपलेल्या बाईंनी तिथूनच उत्तर दिलं, "झोपले असते तर बरं झालं असतं. तुमची कुजबुज तरी ऐकावी लागली नसती." त्यांचं म्हणणं होतं की पायाकडे टक लावून बघितलं की पाय लाजतो, त्यापेक्षा त्याचा आवाज ऐकावा.

माणसांशी त्या तुटक बोलत, पायांशी मात्र फार अदबीने. आजोबांचा धडधाकट डावा पाय म्हणजे थोरले आणि अधू उजवा म्हणजे धाकटे. "थोरले, आपण जरा दमाने घ्या, सगळी कामं स्वतःच करू नका. धाकटे, या. टाच आधी. टाच. हां. आता मागे राहू नका." भिंतीकडे बघत गवार मोडता मोडता हे कानावर पडलं की वाटायचं, मागे कुठल्या तरी घरात वाटण्या चालल्या आहेत. आजोबांना या प्रकाराचं हसू यायचं. आजारानंतर त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या बाकावर, आणि बाई लगेच म्हणाल्या, "हसायला हरकत नाही, पण टाच टेकवून."

ट्रेडमिलवर वेग आणि अंतर दाखवणारा जो पडदा असतो त्याच्यावर बाईंनी उशीचा अभ्रा चढवला होता. एका निवृत्त हिशेबनिसांनी म्हणे आकडे वाढवायच्या नादात पाय फरफटवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून अभ्रा. तुमच्या बाबाला ते मुळीच पटलं नाही.

आता बाबाकडे यायला हवं. आजोबा आजारी पडले तेव्हा तो तिकडची सगळी कामं सोडून धावत आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्या दिवसांत त्याची वाट बघत होतात आणि आम्हाला तो मिळाला होता. पण त्याला परत जायचं होतं, आणि आम्हाला असं सोडून जायचं त्याला भय वाटत होतं. मी एकटी आजोबांना उठवणार कशी, बसवणार कशी? म्हणून त्याने खडकवासल्याच्या बाजूला वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका ठिकाणी आमच्यासाठी खोली बघितली. खोली चांगली होती. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. त्याने आमच्यासमोर शांतपणे मांडलं की मी निघेपर्यंत आजोबा घरात कुणाला न धरता फिरू लागले तर तुम्ही इथेच राहा. नाही तर मी तुम्हाला तिथे पोहोचवून मगच विमानात बसेन.

त्यात चुकीचं काही नव्हतं. पण आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांचं बोलणं तेव्हा फार सावकाश यायचं, एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. ते एवढंच म्हणाले, "पाणी... चांगलं आहे. पण... आपलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याबरोबर आला आणि त्याने मोबाइल काढून आजोबांचं चालणं टिपायला सुरुवात केली.

"काय करताय?"

"मॅडम, रेकॉर्ड ठेवतोय. प्रोग्रेस कळेल. शिवाय तो कपडा काढलात तर स्पीडचा डेटा पण..."

"मॅडम बँकेत असतात. इथे बाई. आपण काय करता?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक टीम बघतो."

"टीम बघा खुशाल. इथे बघायचं नाही. बसा." आणि तुमच्या बाबाला माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. मांडीवर मेथी. त्याने जन्मात मेथी निवडली नव्हती. थोड्या वेळाने बाई मागून आल्या, त्याच्या ढिगातली एक काडी उचलून म्हणाल्या, "या दांड्या कोण खाणार, तुमची टीम?"

घरी येताना तो रिक्षात माझ्यावर चिडला. "आई, ही काय पद्धत आहे? तू इतकी शिस्तीची, तुला हे चालतं?"

मला चालत होतं, कारण तोवर मला ऐकू यायला लागलं होतं. सुरुवातीला आजोबांच्या चालण्याचा आवाज असा होता: एक ठाम थाप, मग एक लांब खर्र, जसं कुणी फरशीवरून पोतं ओढतंय. थाप, खर्र. थाप, खर्र. दिवस जाऊ लागले तसं ते पोतं हलकं झालं. मग मधूनच एखादं पाऊल खर्र न करता पडायचं आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहायची. बाजूला बसलेल्या कसब्यातल्या तांबट काकूंच्याही लक्षात यायचं. त्या कोपराने मला हळूच ढोसायच्या.

या काकूंचे यजमान आयुष्यभर तांब्याची भांडी ठोकत आलेले. त्यांचं पाऊल कधी लवकर पडे, कधी फार उशिरा. एक दिवस काकूंनी मटार सोलता सोलता स्टीलचं पातेलं बाकाच्या कडेवर ठोकायला सुरुवात केली, त्यांच्या आळीत दिवसभर चालतो तसा ठेका. आणि मागची पावलं त्या ठेक्यात पडू लागली. आम्हाला वाटलं, आता काकूंची हजेरी घेतली जाणार. बाई म्हणाल्या, "थांबू नका. चालू ठेवा." आठवडाभर ते पातेलं वाजलं. मग एका सकाळी बाईंनी ते काढून घेतलं. काकू हिरमुसल्या. "अहो बाई, चांगलं जमत होतं की."

"जमत होतं म्हणूनच. आता जन्मभर भांडं वाजवत त्यांच्या मागे हिंडणार आहात का?"

तांबट काका तेव्हापासून पातेल्याशिवाय चालले. पण आजोबांचं घोडं पुढे पेंड खाऊ लागलं. जाकीट निघालं, दांडीला न धरता ते ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालू लागले, आवाज जवळजवळ सारखा झाला. मग बाईंनी त्यांना जमिनीवर उतरवलं, आणि मागून काहीच ऐकू येईना.

थाप नाही, खर्र नाही. मी वाट बघितली. बाबाने माझ्याकडे बघितलं.

"चला," बाईंचा आवाज.

शांतता.

"काय झालं?"

"जमीन..." आजोबा म्हणाले. "हलत नाही."

पट्टा पायाखालून मागे सरकला की त्यांचं पाऊल आपोआप पुढे यायचं. फरशी जागची हलत नव्हती, म्हणून तेही जागचे हलत नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाई थोरल्यांना बोलल्या, धाकट्यांना बोलल्या, एकदा फरशीलाही बोलल्या. आणि आजोबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला खोळंबून ठेवलं नाही, ते कमरेशी हात धरून उभ्या राहणाऱ्या मदतनीस बाईंची आणि आमच्या बाईंची सारखी माफी मागत होते. जितकी जास्त माफी तितके पाय घट्ट.

बाबाने तिकीट नक्की केलं आणि खडकवासल्याला फोन करून मंगळवारी येतो म्हणून सांगितलं. मी कपाटं आवरायला काढली. काय न्यायचं, काय ठेवायचं याचे ढीग घातले. आजोबा खुर्चीत बसून ते ढीग बघत होते. त्यांनी त्यांची जुनी चालायची काठी न्यायच्या ढिगातून उचलून ठेवायच्या ढिगात टाकली. मी ती पुन्हा उचलली नाही.

बाबाने बाईंना हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.

"मंगळवारी घेऊन जातोय बाबांना."

"आपण इंजिनीअर ना?"

"हो."

"मग बाबांचं पार्सल का करताय?"

"बाई, मला जायचंय. आईला एकटीला झेपणार नाही. ते पडले तर? मी तिकडे फोन हातात घेऊन रोज रात्री जागणार का?" बोलता बोलता त्याचा आवाज कापरा झाला. मी त्याच्याकडे बघणार होते, पण समोर भिंत होती आणि सवय लागली होती.

बाई नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत म्हणाल्या, "ठीक आहे. मंगळवार तुमचा. सोमवार माझा."

सोमवारी गर्दी होती. त्या जागेला एकच दार, आणि ते आमच्या पाठीमागे. माणसं येत होती, जात होती. आजोबांचं पट्ट्यावरचं चालणं झालं, ट्रेडमिल बंद झाली. आता "चला" ऐकू येणार म्हणून मी तयार होते. पण बाई म्हणाल्या, "थोरले, धाकटे, आपण उभे राहा. मला जरा काम आहे." आणि चपला फटफटवत आमच्या बाकापाशी आल्या, बाबाच्या पलीकडे टेकल्या आणि त्याच्या मांडीवरची अर्धी मेथी ओढून घेऊन निवडायला लागल्या. त्यांचंही तोंड भिंतीकडे.

बाबा घाबरा झाला. "बाई, तिकडे त्यांना कोण..."

"मदतनीस आहे मागे. हात त्यांच्या कमरेशी आहे आणि तोंड बंद आहे. तुम्हीही तेच करा." मग अगदी सहज मला म्हणाल्या, "काकू, मेथीत तुम्ही डाळ घालता का दाणे?"

"दाण्याचं कूट," मी म्हणाले. माझं लक्ष मागे होतं, पण मागे नुसती वर्दळ होती. कुणी पाणी पीत होतं. कुणी खोकलं. मोटरसायकल दारावरून गेली.

"कूट? आणि लसूण?"

"लसूण तर हवाच."

"आमच्याकडे लसूण चालत नसे. सासूबाई गेल्या, मग चालायला लागला."

अशी आमची मेथी रंगली. तेवढ्यात मागून कुणीतरी बाकाकडे येत होतं. बेताची, सावकाश पावलं, एक जरा लांब, एक जरा आखूड, नवीन चप्पल चावत असावी तशी. कुठल्या तरी नव्या पेशंटच्या घरचं माणूस असणार, बसायला जागा शोधतंय. इथले नियम ठाऊक नसतील, म्हणून मीच पुढाकार घेतला. मांडीजवळची पिशवी उचलून खाली ठेवली, बाबाला थोडं ढकललं आणि न वळता म्हणाले, "या, बसा ना. जागा आहे. मी सरकते."

पावलं माझ्या अगदी मागे येऊन थांबली. दमलेला श्वास ऐकू आला.

"नको," तो माणूस म्हणाला. "उभा... बरा आहे मी."

लग्नानंतर जन्मभर तुमचे आजोबा माझ्या चार पावलं पुढे चालत आलेले. रस्त्यात, बाजारात, देवळात, सगळीकडे. त्यांची पावलं मी दूर जाताना ऐकली होती. मागून माझ्याकडे येताना मी ती कधी ऐकलीच नव्हती. आणि त्यांच्यात ते पोतं नव्हतं, मग मी ओळखणार कशी?

माझ्या हातून मेथी खाली पडली. बाई पाला खुडतच होत्या. "ओळख करून देऊ का?" त्यांनी विचारलं.

बाबा ताडकन उठला.

"वळायला कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या. तो तसाच अर्धा वळलेला उभा राहिला, शाळेतल्या मुलासारखा. मग बाईंनी कागदावरचा पाला सारखा केला, हात झटकले. "बरं. वळा आता सगळे."

मी वळले. आजोबा उभे होते. घामाने शर्ट छातीला चिकटला होता, उजवा हात अजून जरा अंगाशी दुमडलेला, आणि त्यांच्या मागे ट्रेडमिलपर्यंत मोकळी फरशी. मदतनीस बाई दोन हात मागे राहिल्या होत्या. तांबट काकू डोळ्यांना पदर लावून मटाराचा वाडगा गच्च धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला एकदम भूक लागली. सांगायला लाज वाटते, पण सुटकेचं पहिलं लक्षण मला तेच वाटलं. कित्येक दिवसांत मला भूक अशी लागलीच नव्हती.

बाबाने आजोबांना धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग बाईंकडे बघून म्हणाला, "मग उद्याचं..."

"मला काय विचारता? मी त्यांच्या पायांशी बोलते. बाकीचं त्यांना विचारा."

बाबाने आजोबांना विचारलं, "बाबा, घरी राहायचं?"

"हो," आजोबा म्हणाले. नंतर थोडं थांबून, "तू... जा बिनधास्त."

बाबाने तिथेच, भिंतीपाशी उभं राहून खडकवासल्याला फोन लावला. येत नाही म्हणून सांगताना तो तीनदा "सॉरी" म्हणाला. हा आजोबांचाच मुलगा, यात शंका नको.

बाई काही फार हुरळून गेल्या नाहीत. त्यांनी पुढच्या पेशंटला जाकीट चढवायला घेतलं आणि मला बजावलं की अजून रोज यायचं आहे, एकदा चालले म्हणजे चालते झाले असं नव्हे, घरात पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाका, आणि त्यांच्या मागे मागे फिरू नका. मी कपाटातले दोन्ही ढीग त्याच संध्याकाळी परत लावले. काठीसुद्धा तिच्या जागी गेली.

पण तिथून निघतानाचं तुम्हाला सांगायला हवं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बाबाने सवयीने व्हीलचेअर उघडून दारात आणली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली, ती खुर्चीत नीट बसवली, आणि खुर्चीच्या मागच्या दांड्या धरून स्वतःच ढकलायला लागले. बाबा त्यांच्या शेजारून चालला, हात खिशात कोंबून, म्हणजे ते बाहेर येऊ नयेत. पेठेतली गल्ली केवढी असते तुम्ही पाहिलंय. मागून एक स्कूटरवाला आला, अडकला, आणि हॉर्न वाजवत सुटला.

बाई दारात आल्या. एका हातात कुणाच्या तरी जाकिटाचा पट्टा तसाच होता, आणि डोळे चांगले उघडे होते.

"ए भाऊ," त्या ओरडल्या, "हॉर्न कसला वाजवतोस? दिसत नाही का, माणूस चालतोय."

स्कूटरवाल्याने गाडी बंद केली. आजोबांनी वळून त्याची माफी मागितली नाही. ते गल्लीच्या मधोमध, मेथीची पिशवी पुढे घालून, आपल्या वेळेने चालत राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून.